बायबल क्लासमध्ये तेच तेच होतंय, काय वेगळं करता येईल? (कोकणातल्या संडे स्कूलवाल्यांनी नक्की लिहा)

मिठागर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत एका छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी संडे स्कूल घेते. मुलं पहिलीपासून नववीपर्यंतची, सगळी एकाच खोलीत, उपासना सुटली की पाऊण तास. पद्धत वर्षानुवर्षं एकच, उतारा वाचायचा, मी अर्थ सांगायचा, मग प्रश्न, मग सुवर्णवचन (पाठ करायची बायबलची ओळ), की घरी. आणि आता असं झालंय की दाखला (येशूनं सांगितलेली बोधकथा) कुठलाही असो, यातून काय शिकलात विचारलं की आख्खा वर्ग एका सुरात "सगळ्यांवर प्रेम करावं" म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. उत्तर चुकीचंही नाही त्यामुळे ओरडताही येत नाही.

मे महिन्यात उन्हाळी बायबल शाळा आहे, चाकरमान्यांची पोरंही येतात, त्यांनी मुंबईत प्रोजेक्टर, डान्स सगळं बघितलेलं असतं. आमच्याकडे प्रोजेक्टर नाही आणि असता तरी लाईट असेलच असं नाही. मागच्या मे मध्ये बाहेरून एक टीम आली होती, त्यांनी कापसाची मेंढरं करून घेतली, मेंढरं एकदम झकास झाली, आयांनी फोटो काढले, पण आठवड्यानं विचारलं की गोष्ट काय होती तर मुलं म्हणतात "मेंढरू होतं". हरवलं कोण, शोधायला गेलं कोण, काही नाही.

तर वेगवेगळ्या पद्धती वापरायच्या आहेत पण नुसता टाईमपास नकोय. कोणी काय काय केलंय ते लिहा. खर्च कमी हवा.

बंदरवाला
ताई, दारात समुद्र असताना कापूस कशाला आणताय. मत्तय १३ घ्या, ४७ ते ५०, जाळ्याचा दाखला. ती आपली रापणच की हो. समुद्रात टाकलेलं जाळं, त्यात सर्व तऱ्हेचे जीव येतात, भरल्यावर ते किनाऱ्याला ओढतात, खाली बसतात, चांगलं ते भांड्यात आणि वाईट ते फेकून देतात. आमच्या पोरांनी हे जन्मल्यापासून बघितलंय पण वर्गात बसवून वाचलं की ते कुठल्यातरी परदेशातलं होतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. रापण ओढायची होती त्या सकाळी मुलांना किनाऱ्यावर नेलं. चार मुलं दोरीला लावली, ओढताना हात सोलवटतात ते कळलंच पाहिजे. रापणकरांनी न निवडलेली अर्धी टोपली दिली, ती गोणपाटावर ओतली आणि म्हटलं निवडा. पहिल्यांदा आपल्या घरच्या हिशोबानं निवडलं. बांगडे, तारल्या, सुंगटं, दोन कुर्ल्या, एक छोटी मुशी, सगळं चांगल्यात, फेकायला उरला फक्त कचरा आणि जेलीफिश. मग लेवीय ११ (बायबलातलंच नियमांचं पुस्तक) उघडून मोठ्या मुलीला वाचायला लावलं, पंख आणि खवले दोन्ही असतील तेच खायचं, बाकी वर्ज्य. परत निवडा म्हटलं. सुंगटं बाहेर, कुर्ल्या बाहेर, मुशी बाहेर. एकजण एवढासा चेहरा करून म्हणतो "म्हणजे येशून सुंगटाची कढी कधी खाल्लीच नाय?" हसून हसून पुरेवाट. पण त्यानंतर त्यांना समजलं की ऐकणाऱ्या लोकांच्या डोळ्यासमोर नेमका कुठला ढीग होता. गालीलच्या सरोवरात बिनखवल्याचा मोठा मासा असतो, शिंगाळ्यासारखा मिशावाला, तो जाळ्यात यायचाच आणि फेकला जायचाच.

आणि मुख्य गोष्ट पुढे आली. पोरं एकमेकांना "तू कुर्ली, तू मुशी" करायला लागली. तिथेच थांबवून ४९ वं वचन वाचलं, निवडायचं काम कोणाचं लिहिलंय? देवदूतांचं, आणि तेही युगाच्या शेवटी. जाळं पाण्यात असताना कोणी निवडत बसत नाही. हे मी सांगितलं नाही, आठवीतल्या पोरानं स्वतः सांगितलं.

पावसाळ्यात अर्थातच जमणार नाही.

जुना_वाचक
सर्वांना सलाम. वाचून बरं वाटलं पण एक वडीलकीचं सांगतो, राग नको. आम्ही चटईवर बसून शिकलो. बाई छडी घेऊन बसायच्या आणि २३ वं स्तोत्र, डोंगरावरचं प्रवचन, १ करिंथ १३ हे सगळं तोंडपाठ. मागे ऑपरेशन झालं तेव्हा चष्मा नव्हता, पुस्तक नव्हतं, पण आतून वचन येत होतं. आताच्या मुलांना नाच येतो, ॲक्शन साँग येतं, वचन विचारा तर फोन काढतात. आणि नाटकाचं तर विचारूच नका, नाताळात जे पोर येशू होतं ते पडद्यामागे जाऊन पेत्राला टपल्या मारतं. पवित्र गोष्टीची काही मर्यादा राहते का?

कुपारी_पोर
काका वसईहून नमस्कार. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे त्याला धर्मशिक्षण म्हणतात, पण प्रॉब्लेम सेम टू सेम आहे.

पाठांतराबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, फक्त ते या यादीच्या बाहेरचं का धरताय? तीही पद्धतच आहे आणि बायबल लिहिणाऱ्यांनीच ती आत घालून ठेवलीय. ११९ वं स्तोत्र बघा, १७६ वचनं, हिब्रूची २२ अक्षरं आणि प्रत्येक अक्षराची आठ आठ वचनं, त्या त्या अक्षरानंच सुरू होणारी. पाठ करायला सोपं जावं अशीच बांधणी आहे. आम्ही एकदा मुलांना सांगितलं क पासून सुरू करा, प्रत्येकानं आपल्या अक्षरावर देवाचे आभार मानणारी एक ओळ लिहा. ण आणि ळ वाल्यांनी जोरदार निषेध नोंदवला. पण नंतर खरं स्तोत्र वाचलं तेव्हा त्यांना लिहिणाऱ्याची मेहनत दिसली.

आणि आपल्याकडे हे नवीन पण नाही हो. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज माणूस, गोव्यात साष्टीत राहून त्यानं आख्खी बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली, १६१६ ला छापली. का, तर नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय, त्यांचं म्हणणं आम्हाला वाचायला काय? तर त्यानं क्रिस्तपुराणच दिलं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावात १८६१ चा जन्म, त्यांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती देवळात आणलं. त्या वेळीही कोणीतरी म्हटलंच असेल की टाळ कशाला, पवित्र गोष्टीची मर्यादा...

जुना_वाचक
टिळकांची भजनं आमच्या घरी रोज होत. तो मुद्दा मान्य. टपल्यांचं काय ते बोला.

आगरकाठ
कीर्तनाचा विषय निघालाच आहे तर, मी अलिबागकडची. आमच्या भागातले बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू लोक, शनवार तेली म्हणायचे त्यांना, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी त्यांनी पण मराठी कीर्तनं सुरू केली, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, साकी दिंडी सगळं रीतसर. म्हणजे एकाच किनाऱ्यावर ज्यू लोकांनी आणि ख्रिस्ती लोकांनी दोघांनी वेगवेगळं जाऊन तीच युक्ती काढली, मला हे लय भारी वाटतं.

पण खरं सांगू, आता वर्गात कीर्तन लावलं तर पोरं पळतील. मी त्यातलं एकच उचललं, आख्यान मधेच थांबवायचं. बुवा कसा ऐन रंगात आल्यावर थांबून गाणं लावतो, तसं. योसेफाची गोष्ट पाच रविवार चालवली, उत्पत्ती ३७ पासून. पहिल्या रविवारी त्याला खड्ड्यात टाकला आणि प्रार्थना करून घरी पाठवलं. आया फोन करून विचारत होत्या पुढे काय झालं कारण पोरं जेवताना डोकं खातायत. म्हटलं घरी बायबल आहे ना, बघा उघडून.

दशावतारी
टपल्यांवर उपाय आहे काका :)

आमच्याकडे दशावतारात काय असतं, संहिता नसते. रंगायच्या आधी आख्यान ठरतं, कोण काय ते ठरतं, बाकी संवाद उभ्या उभ्या. मी हेच वर्गात करतो, फक्त एक नियम. येशूचं काम कोणी करायचं नाही. येशूचे शब्द जिथे जिथे येतात तिथे एक मुलगा किंवा मुलगी बाजूला उभं राहून पुस्तकातून जसेच्या तसे वाचणार, बाकी सगळ्यांनी आपल्या मनानं बोलायचं. त्यामुळे येशूला टपली मारायची सोयच राहत नाही, आणि ज्याला वाचायचंय तो घरी चार वेळा वाचून येतो कारण अडखळलं तर सगळे हसतात.

सगळ्यात बेस्ट चालतो तो योहान ९, जन्मापासूनचा आंधळा. नीट वाचून बघा, येशू सुरुवातीला आहे, शेवटी आहे, मधला सगळा तमाशा त्याच्याशिवाय चाललाय. शेजारी म्हणतात हाच तो, दुसरे म्हणतात नाही हो त्याच्यासारखा दिसतो. मग परूशी (धर्मनियम कडक पाळणारे पुढारी) बोलावतात, मग आईबापाला बोलावतात. आणि आईबाप काय म्हणतात, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा! का, तर त्यांना सभास्थानातून बाहेर काढतील याची भीती. तुम्ही मुलांना हे "बहिष्कृत" वगैरे करून सांगा, काही पोचणार नाही. आम्ही सांगितलं गावकीची बैठक आहे आणि वाळीत टाकायचा विषय आहे. एका मिनिटात पोरांनी खोलीची बैठक करून टाकली. एकजण पाय दुमडून मधे बसला, अक्कल शिकवायला लागला, दोन जण माना डोलवायला. आपल्याकडे वाळीत टाकण्याच्या केसेस एवढ्या झाल्या की २०१६ ला विधिमंडळाला कायदा करावा लागला, घरातलं बोलणं पोरांच्या कानावर असतंच. आईचं काम करणारी मुलगी शांत स्वभावाची, ती एकदम म्हणाली "माझो झील हा, पण माका इचारू नकात." तो वर्ग मी विसरणार नाही. त्यावर मी समजावून सांगायला काही शिल्लकच नव्हतं, सरळ ३५ वं वचन वाचलं, त्याला बाहेर घालवलं हे येशूनं ऐकलं आणि त्याला गाठलं.

एकच काळजी घ्या, परूशी म्हणजे "ते वाईट ज्यू लोक" असं होऊ देऊ नका. त्या गोष्टीतले सगळेच ज्यू आहेत, आंधळा पण, येशू पण.

आगरकाठ
शेवटच्या वाक्याला दहा लाईक. आणि काका आता कुठे गेले?

जुना_वाचक
इथेच आहे. येशूचे शब्द पुस्तकातून वाचायचे हे पटलं. बाकी गावकीचं मी आमच्या पाळकसाहेबांना विचारीन.

हापूस_कलम
देवगडहून. आमचं बागेतलं एक सांगते. मत्तय २०, द्राक्षमळ्यातले मजूर. सगळे शिक्षक गोष्ट सांगतात आणि एक बारीक गोष्ट गाळतात, आठव्या वचनात मालक कारभाऱ्याला सांगतो की शेवटच्यांपासून सुरू करून पहिल्यांपर्यंत मजुरी दे. त्या क्रमातच सगळी गंमत आहे! पहिल्यांना आधी देऊन घरी पाठवलं असतं तर त्यांना कळलंही नसतं आणि भांडणही झालं नसतं.

आम्ही आवारातला पालापाचोळा काढायला मुलं लावली, काही सकाळी नऊपासून, काही नंतर, आणि जी नेहमी उशिरा येतात ती अगदी झाडू ठेवायच्या वेळेला आली. ठरलेलं होतं प्रत्येकाला एक आंबा. मग रांग उलटी लावली. उशिरा आलेल्यांना पहिला आंबा दिला, तोही चांगला पिकलेला, मागची सगळी मुलं बघतायत आणि चेहऱ्यावर हिशोब चाललाय, त्याला एक म्हणजे मला तीन तरी. आणि मिळाला एकच. बापरे. एका मुलीनं आंबा परत माझ्या हातात ठेवला, नको मला म्हणाली. तेव्हा वाचलं, तुझ्याबरोबर एक दिनारच ठरला होता ना? पाच मिनिटं कोणी बोललं नाही, मग जे भांडण सुरू झालं ते अर्धा तास. त्यात उशिरा येणाऱ्यातला एक, ज्याचे वडील पहाटे होडीवर जातात आणि धाकट्या भावाला तोच सांभाळतो, तो म्हणाला "मी यायचोच नाय, पण बाई बोलवत होती." बाराव्या तासाला... नाही, अकराव्या तासाला म्हणजे काय ते असं समजलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास, दिवस संपताना, अजून कोणी कामाला लावलं नाही म्हणून उभे असलेले लोक.

आधी पालकांना सांगून ठेवा हां, नाहीतर घरी जाऊन "बाईनी अन्याय केला" एवढंच पोचतं.

मिठागर
बाप रे किती काय काय! मनापासून थँक्यू सगळ्यांना. दोन शंका आहेत. एक, पहिलीचं आणि नववीचं पोर एकत्र असताना हे कसं करायचं? लहान ओरडतात, मोठे भिंतीला टेकून "हे बाळांचं आहे" अशा चेहऱ्यानं बसतात. दोन, बक्षीस द्यायचं का? आमच्याकडे वचनाला चॉकलेट अशी पद्धत आहे.

कुपारी_पोर
चॉकलेट बंद करा, मग लगेच वर्ग रिकामा होणार नाही, घाबरू नका. फार तर शेवटी सगळ्यांना मिळून काहीतरी द्या.

आगरकाठ
एकत्र वयासाठी होडी. १९८६ ला दुष्काळात गालील सरोवराचं पाणी खूप खाली गेलं तेव्हा चिखलात येशूच्या काळातली एक होडी सापडली, साधारण पहिल्या शतकातली. ८.२ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद, म्हणजे सत्तावीस फूट बाय साडेसात फूट धरा. मोठ्या मुलांना टेप आणि खडू द्या, त्यांनी अंगणात मापात होडी काढायची, लहानांनी त्यात बसायचं. तेरा जण बसवा. आता मार्क ४ वाचा, वादळ, पाणी आत येतंय, आणि येशू मागल्या बाजूला उशीवर झोपलाय. झोपायला जागा कुठून आणणार ते त्यांनाच शोधू दे. मोठ्यांना काम मिळतं, लहानांना होडी मिळते. वाटलं तर चार मोठ्यांनी बाजूने जुनं लुगडं धरून हलवायचं, लाटा.

आणि सांगताना "समुद्र" म्हणून सोडून देऊ नका, ते गोडं पाणी आहे, एकवीस किलोमीटर लांब आणि फार तर तेरा रुंद, चारी बाजूनी डोंगर. आमच्या पोरांनी विचारलं एवढ्याशा तळ्यात कसलं वादळ? बरोबर प्रश्न आहे. ते सरोवर समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून खाली आहे, डोंगरावरची गार हवा खोल खड्ड्यात उतरते आणि बघता बघता पाणी उसळतं. त्यात शिष्यांतले काही जण धंद्यानं कोळी. ते घाबरले म्हणजे काहीतरी असेलच ना.

बंदरवाला
मोठ्या मुलांसाठी माझ्याकडे हुकमी पान आहे, प्रेषितांची कृत्ये २७, पौलाचं जहाज फुटतं तो अध्याय. धर्माचं म्हणून वाचलात तर कंटाळा, खलाशाचं म्हणून वाचलात तर थ्रिलर. चौदावी रात्र, खलाशांना वाटतं जमीन जवळ आली, ते बुडीद (खोली मोजायची वजन बांधलेली दोरी) टाकतात, पहिल्यांदा वीस वाव, थोडं पुढे पंधरा वाव. मग खडकावर आपटू या भीतीनं मागल्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. जहाजावर २७६ माणसं.

आम्ही वर्गाला एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, बोलावलं. तो ख्रिस्ती नाही, आमच्या शेजारचा, पहिल्यांदा लाजत होता, माका बायबलातला काय कळता म्हणाला. म्हटलं तुम्हाला बायबलातलं नाही विचारत, पाण्यातलं विचारतो. पोरांनी विचारलं नांगर तर पुढून टाकतात, यांनी मागून का टाकले? तो उठून उभा राहिला आणि हातानं दाखवायला लागला, वारा मागून किनाऱ्याकडे लोटतोय, नांगर पुढून टाकला तर जहाज गर्रकन फिरणार आणि तोंड समुद्राकडे होणार, मागून टाकला तर तोंड किनाऱ्याकडेच राहतं, उजाडल्यावर वाळू दिसली की दोर तोडायचे आणि सरळ वर घालायचं. मग आम्ही ३९ आणि ४० वाचलं. हुबेहूब तेच! खाडी दिसली, किनारा दिसला, नांगर सोडून दिले. तांडेलच आमच्यापेक्षा जास्त खूश, म्हणतो "ज्यान लिवला तो होडयेत होतो." नववीतली दोन पोरं जी कधी तोंड उघडत नाहीत ती त्याला तासभर सोडेनात. आणि मग त्यांनीच विचारलं, एवढ्या गोंधळात पौल सगळ्यांना जेवा म्हणून का सांगत होता?

हा प्रश्न तुम्ही फळ्यावर लिहून विचारला असतात तर उत्तर आलं असतं, सगळ्यांवर प्रेम करावं.

मिठागर
हाहाहा ते शेवटचं वाक्य! ठरलं मग. पहिल्या दिवशी होडी, मग योहान ९, मोठ्यांना कृत्ये २७. आंब्याचा प्रयोग करायचा धीर होईल की नाही बघते, आमच्याकडची पोरं आंब्यावरून खरंच मारामारी करतील. रापणीचं आमच्या बाजूच्या लोकांना विचारते. जुना वाचक काका, रोज सुरुवातीला एक स्तोत्र पाठ असणार, वचन सोडणार नाही.

जुना_वाचक
१२१ घ्या. आठच वचनं आहेत. वर डोंगराकडे बघून म्हणायला लावा, तुमच्याकडून सह्याद्री दिसत असेलच.

दशावतारी
काका ही पण पद्धतच झाली बरं का.

जुना_वाचक
आहेच. मी कधी नाही म्हटलं.

मिठागर
बंदरवाला दादा, बुडीदाची दोरी मुलांकडून करून घेऊ का? किती लांब लागेल?

बंदरवाला
घ्या की. एक वाव म्हणजे दोन्ही हात ताणले की या टोकापासून त्या टोकापर्यंत, साधारण सहा फूट. वीस वावाला एकशेवीस फूट झाली, एवढी नको असेल तर निम्मी करा आणि दोनदा मोजा. प्रत्येक वावाला गाठ, पाचव्याला रंगीत चिंधी, खाली वजनाला दगड चालेल. फक्त माप मोठ्या माणसाच्या हाताचं धरा, पहिलीतल्या पोराच्या हातानं मोजलंत तर पौलाचं जहाज वीस वावावरच खडकावर जाईल.